भोकाचा सेंटर मार्क: ड्रॉइंगवर हवाच, लेझरच्या फाइलमध्ये नकोच!



आज एका छोट्याशा अधिकच्या चिन्हाबद्दल बोलू. त्याने माझ्या एका ऑर्डरचा नफा खाल्ला होता.

हिर्डोशीतल्या आपल्या दुकानात आम्ही शेतीपंपाच्या स्टार्टर पेटीला लागणाऱ्या पत्र्याच्या प्लेटा बनवून देतो. पहिल्याच मोठ्या ऑर्डरच्या 24 प्लेटा मी शिरवळला लेझरवर कापून घेतल्या. दुकानात उतरवल्या आणि पोटात गोळाच आला. प्रत्येक भोकाच्या चारी बाजूंना बारीक चिरा! मशीनने काहीच चूक केली नव्हती. मी पाठवलेल्या डीएक्सएफ फाइलमध्ये सेंटर मार्कच्या रेषा तशाच होत्या आणि मशीनने त्याही कापल्या. पत्रा, कटिंग, भाडं, सगळं माझ्या खिशातून गेलं. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण हा खर्च त्यात नव्हता.

मग सेंटर मार्क काढायचाच कशाला?

कारण भोकाची जागा त्याच्या मध्यापासून मोजतात, कडेपासून नाही. समजा प्लेट 200 बाय 150 मिमी आहे. चार कोपऱ्यांत 7 मिमीची भोकं आहेत आणि प्रत्येकाचा मध्य कडेपासून 15 मिमीवर आहे. म्हणजे आडव्या दोन भोकांत मध्य ते मध्य 170 मिमी अंतर. आता ड्रॉइंगवर मध्य दाखवलाच नाही आणि कारागिराने 15 मिमी भोकाच्या कडेपर्यंत धरले, तर मध्य जातो 18.5 वर. 170 चे झाले 163. बोल्ट बसेल का? नाही बसणार.

हाताने ड्रिल मारणारा कारागीर आधी पत्र्यावर रेघा आखतो, त्या जिथे छेदतात तिथे सेंटर पंच ठोकतो, मग ड्रिल लावतो. तुमचा सेंटर मार्क त्याला पंचाची जागा सांगतो.

कसा लावायचा?

- ऑटोकॅड: 2017 पासून ‘सेंटरमार्क’ ही कमांड आहे. भोक सरकवलं की खूणही सोबत सरकते. हाताने दोन रेषा मारल्या तर त्या जागेवरच राहतात आणि तिथेच घोळ होतो.
- सॉलिडवर्क्स: ड्रॉइंगमध्ये अ‍ॅनोटेशन टॅबवर ‘सेंटर मार्क’ आहे. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजच्या डिटेलिंगमध्ये सेटिंग केलं की नवीन व्ह्यूवर खुणा आपोआप येतात.
- फ्रीकॅड: फुकट आहे. सुरुवात करणाऱ्यांनी टेकड्रॉ वर्कबेंचमधली वर्तुळाच्या सेंटरलाइनची सोय वापरावी.

लेझरला पाठवण्याआधी

1. दोन वेगळ्या फाइली करा. मापं आणि सेंटर मार्क असलेली पीडीएफ माणसासाठी, फक्त कापायच्या रेषा असलेली डीएक्सएफ मशीनसाठी.
2. सेंटर मार्कला स्वतःची लेयर द्या. पण ती नुसती बंद करून भागत नाही, बंद लेयरसुद्धा डीएक्सएफमध्ये जाते. फाइलची कॉपी करा आणि त्यातून खुणा पुसूनच टाका.
3. मापं, अक्षरं, बेंडच्या रेषा यांनाही हाच नियम.
4. एखादं भोक नंतर दुकानात ड्रिल करणार असाल, तर तिथे लेझरने फक्त खूण करून घेता येते. ती वेगळ्या लेयरवर ठेवा आणि ‘इथे कापू नका, फक्त मार्किंग’ असं कटिंगवाल्याला स्पष्ट लिहून द्या.
5. तयार डीएक्सएफ परत उघडा. जे दिसतंय ते सगळं कापलं जाणार, असं समजूनच बघा.

आणि पहिल्यांदा एकच प्लेट कापून घ्या. पेटीवर लावून बघा, बोल्ट घाला, मगच बाकीच्या सांगा. मी त्या दिवशी एवढं केलं असतं तर 24 ऐवजी एकच प्लेट भंगारात गेली असती.

मित्रांनो, भांडवल कमी असलं की चूक लहानच परवडते. व्हिडिओत हीच प्लेट पहिल्यापासून काढून दाखवली आहे. बघा आणि तुमच्या पुढच्या ऑर्डरआधी एकदा करून पाहा.