हेल्मेट डोक्यावर, काच मात्र वर

कापसाचा हंगाम सुरू झाला की मानवत परिसरातील रस्त्यांवर कापसाची वाहने आणि उसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. त्यांच्या मागून परभणी किंवा पाथरीकडे जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर धूळ, पाचट, वाळलेल्या पानांचा चुरा येतो. दिवेलागणीला त्यात किड्यांची भर पडते. अनेकांकडे हेल्मेट असते. पण काच ओरखडलेली असल्याने ती वर सरकवलेली असते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. डोळ्यात काही जाऊन दोनच सेकंद डोळे मिटले, तर ३३ मीटर अंतर न बघता कापले जाते. म्हणून डोळ्याचे आणि डोक्याचे संरक्षण वेगवेगळे मानून चालत नाही.

साधा कण, मोठे दुखणे

धुळीचा कण बहुधा पाण्याने निघून जातो. पिकाचे पान, कूस किंवा काडी लागली तर मात्र बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर ओरखडा पडतो आणि त्यातून बुरशी आत शिरू शकते. काही दिवसांनी लाली व वेदना वाढतात, उजेड सहन होत नाही, पांढरा ठिपका दिसू लागतो. जखम भरली तरी डोळ्यात कायमचे फूल राहू शकते.

अशा वेळी डोळा चोळू नये, पदराच्या टोकाने कण काढू नये. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. खुपणे थांबले नाही, अंधुक दिसू लागले किंवा कण रुतून बसला असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. दुकानातून मनाने आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल, तर लाली तात्पुरती कमी होते आणि आत बुरशी बळावते.

हेल्मेट कसे निवडावे?

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार, अपघातात सापडलेल्या दुचाकीस्वारांमध्ये हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. आतला थर्माकोलसारखा थर धक्क्याने दबतो आणि आघात स्वतःवर घेतो. एकदा दबलेला थर पूर्ववत होत नाही. म्हणून जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे.

१ जून २०२१ पासून देशात दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. मानक क्रमांक आयएस ४१५१ पाहावा. चिन्ह खरे की खोटे, हे त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून तपासता येते.

चष्मा लावणाऱ्यांनी तो घालूनच हेल्मेट बसवून पाहावे. पट्टा लावून मागून पुढे ओढल्यावर हेल्मेट निघता कामा नये. पट्टा न लावलेले हेल्मेट अपघातात सर्वात आधी उडून पडते.

सहलीला निघताना

लोणार, अजिंठ्यापासून थेट लडाखपर्यंत दुचाकीने फिरणाऱ्या तरुणांमध्ये पुढे छपरीसारखी झडप असलेल्या हेल्मेटची आवड आहे. कच्च्या वाटेवर ही झडप ऊन आणि चिखल अडवते. महामार्गावर मात्र तिच्यात वारा भरतो आणि मान ओढली जाते. अशा हेल्मेटला काच नसेल, तर कडेला फोम असलेला, हेल्मेटवरून पट्टा घेणारा गॉगल हवा. बाजारातला साधा गॉगल बाजूने उघडा असतो, म्हणून धूळ आत येतेच. गडद काच अतिनील किरणे अडवतेच असे नाही, तेव्हा ‘यूव्ही ४००’ लिहिलेला गॉगल घ्यावा. पक्क्या रस्त्यावर जाणाऱ्यांना पूर्ण चेहरा झाकणारे, स्वच्छ पारदर्शक काचेचे हेल्मेट पुरेसे आहे.

रात्री गडद काच वापरू नये. धूळ बसलेली काच कोरडी पुसू नये. आधी पाण्याने ओली करून मऊ कापडाने पुसावी. ओरखड्यांमुळे समोरच्या गाडीचा प्रकाश फाकतो आणि मग काच वर जाते. बहुतेक हेल्मेटची काच सुटी मिळते. ती वेळेवर बदलावी.

कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे. घरात दुचाकी एक असली, तरी हेल्मेट एकच असून भागत नाही.