उंटकटारा आणि उघडी माती

कोरडवाहू मुलखात रब्बीच्या वावराभोवती करडईच्या काही ओळी पेरण्याची जुनी रीत आहे. करडई फुलावर आली की तिच्या पानांचे काटे टणक होतात, जनावर तोंड वळवते आणि आतला हरभरा वाचतो. उंटकटारा याच करडईच्या कुळातला. बुलडाणा जिल्ह्यात घाटावर काय किंवा घाटाखाली काय, नांगर थांबलेल्या जमिनीवर पावसाळा सरता सरता त्याचे निळसर-पांढरे काटेरी चेंडू दिसू लागतात. पिकाची राखण करणारा काट्याचा हा गुण कुरणात मात्र उलटतो. गाय-म्हैस गवत ओरपते आणि काटा तेवढा सोडते. गवत दर फेरीला बुटके होते, त्याची मुळे आखडतात, शेजारचा मातीचा तुकडा उघडा पडतो. उंटकटाऱ्याला मात्र कुणाचे तोंड लागलेले नसते, म्हणून त्याचे बी पिकते आणि त्याच तुकड्यावर पडते. शेताचे कुरण करताना काटा काढणे हे निम्मे काम आहे. माती झाकणे हे उरलेले निम्मे, आणि ते पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत झाले नाही तर निंदणाची मजुरी दरसाल नव्याने मोजावी लागते.

याचा पुरावा धुऱ्यावर सापडतो. वर्षानुवर्षे सोयाबीन किंवा कपाशी घेतलेल्या वावरात वखर, डवरा आणि तणनाशक यांनी गवताचे बीच जवळपास संपवलेले असते. ते वावर पडीत टाकले की आधी तरोटा, गाजरगवत आणि उंटकटारा येतात. पण त्याच वावराच्या धुऱ्यावर मारवेल गवताचा दाट पट्टा असेल, तर काट्याचे तेच बी तिथे पडूनही क्वचितच रुजते. गाजरगवताची कहाणीही हेच सांगते. ते भारतात पहिल्यांदा पुण्यात, १९५० च्या दशकात, नजरेत भरले. १९८४ मध्ये त्याच्यावर मेक्सिकन भुंगा सोडला गेला. भुंगा पावसाळ्यात पाने फस्त करतो, हे खरेच. पण खाली उघडी जमीन तशीच राहिली तर पुढच्या पावसाला तेच तण पुन्हा उभे राहते.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. उंटकटाऱ्याचे सोटमूळ खोल जाते. काळी माती सुकून भेगाळली की ते निघत नाही, वरचा भाग तुटतो आणि बुडखा पुन्हा फुटतो. श्रावण-भाद्रपदात जमीन ओली असताना, झाड अजून पानांच्या चक्राएवढेच असताना, टिकासाने मुळासकट काढलेले बरे. चेंडू वाळल्यावर झाड तोडणारा माणूस नकळत बीच पेरत जातो. आणि काटा उपटून पडलेला खड्डा हीसुद्धा उघडी मातीच! त्यात लगेच मारवेलचे ठोंब लावावे. मारवेल-८ किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले मारवेल ०६-४० हे वाण ठोंबांपासून सहज वाढतात. मारवेलचे बी हलके आणि लवदार असते. ते ओल्या मातीत किंवा शेणखतात मिसळून वरच्यावर टाकावे, खोल गाडू नये.

फवारणीने हे काम झटपट होईल, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. टू-फोर-डी ही तणनाशकाची फवारणी रुंद पानांची तणे मारते, गवत राखते, हे मान्य. पण तिचा अंश वाऱ्यावर शेजारच्या कपाशीत गेला तर तिची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरली जातात, आणि हा जिल्हा कपाशीचा आहे. शिवाय कुरणात हवी असलेली शेंगवर्गीय चारापिकेही मरतात. जिथे राखायला गवतच उगवलेले नाही तिथे फवारणी फक्त मोकळी जमीन मागे ठेवते. उंटकटारा औषधी आहे, तो का काढावा, असेही विचारले जाते. वैद्यकाला हवी तेवढी झाडे एखाद्या कोपऱ्यात सांभाळता येतील. त्यासाठी अख्खे कुरण देण्याची गरज नाही.

खरा जड आक्षेप आहे तो नवे गवत धरेपर्यंत लागणाऱ्या चराईबंदीचा. वऱ्हाडात सरकारी चराऊ जमिनीला ई-क्लास म्हणतात. तिच्यावरचे अतिक्रमण उठले, वहिती थांबली, की मेंढपाळ आणि गुराखी साहजिकच त्याच दिवशी तिथे येऊ पाहतात. त्यांच्याकडे दुसरी जागा नसते. त्यांना दोन वर्षे थांबा म्हणणे अन्यायाचे आहे, आणि तारेचे कुंपण घालून तो अन्याय सुटत नाही. पण चराई थांबली म्हणून चाराही थांबावा असे नाही. गवताने बी झाडल्यावर, साधारण दिवाळीनंतर, ते विळ्याने कापून त्याच लोकांना वाटून देता येते. जमीन दोन तुकड्यांत विभागून एका वेळी एकच तुकडा राखला तर दुसऱ्यावर जनावरे फिरू शकतात. कापणीला आलेल्या हातांनीच उरलेले काटे हेरून त्या जागी खूण करावी, म्हणजे पुढच्या श्रावणात टिकास घेऊन कुठे जायचे ते ठरलेले असेल.