कोलनने सुरू होणारी ओळ

माझ्या जुन्या लॅब जर्नलच्या शेवटच्या पानावर डॉट मॅट्रिक्सवर छापलेली एक पट्टी चिकटवलेली आहे. पहिली ओळ अशी: कोलन, ०३, ००००, ००, ०२००३०, सीबी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या ८९सी५१ या ८०५१ घराण्यातल्या मायक्रोकंट्रोलर चिपमध्ये मी ती बर्न केली. एलईडी लुकलुकला, प्रोजेक्ट संपला, पण ओळ डोक्यातून गेली नाही. चिपला शेवटी नुसते बाइटच हवेत, मग बिन फाइल सोडून ही दुपटीहून लांब हेक्स फाइल कशाला? तेव्हा कुणी सांगितलं नाही. उत्तर शोधत पुढे मी पेपर टेपपर्यंत पोचलो.

आधी ती ओळच उलगडू. तिच्यातले आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाचे. ०३ म्हणजे मजकूर तीन बाइटांचा. ०००० हा त्याचा पत्ता. ०० म्हणजे हा डेटा आहे. ०२ ही ८०५१ ची लाँग जंप आणि ००३० हे उडीचं ठिकाण. शेवटचा सीबी हा चेकसम: ओळीतल्या साऱ्या बाइटांची बेरीज ५३, सीबी म्हणजे २०३, दोन्ही मिळून बरोबर २५६. बेरजेचा शेवटचा बाइट शून्य आला की ओळ शाबूत.

खरी गंमत दुसऱ्या ओळीत आहे. ती थेट ००३० वरून सुरू होते. इंटरप्टसाठी मोकळे सोडलेले मधले ४५ बाइट फाइलमध्ये नाहीतच. बिन फाइलला हे जमत नाही. तिच्यात बाइटचा पत्ता म्हणजे रांगेतला त्याचा नंबर, त्यामुळे रिकामी जागाही काहीतरी भरून दाखवावी लागते आणि पहिला बाइट चिपमध्ये कुठे बसायचा हे ती सांगूच शकत नाही. बिनचं हेक्स करणं म्हणजे आकडे अक्षरांत लिहिणं, असं शिकवलं जातं. माझ्या मते ते अर्धंच आहे. बाइटला पत्ता देणं हे त्यातलं मुख्य काम.

आता पेपर टेपकडे. १९७१ मध्ये इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी १७०२ ही ईप्रॉम आणली. काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश दिला की पुसली जाणारी, क्षमता २५६ बाइट. तिच्यात भरायचा मजकूर लिहायची तेव्हाची पद्धत बीएनपीएफ. प्रत्येक बाइटला दहा अक्षरं: सुरुवातीला बी, मग आठ बिटांसाठी आठ वेळा एन किंवा पी, शेवटी एफ. टेप पंच करताना एक अक्षर जरी चुकलं, तरी बी पासून एफ पर्यंतचा सगळा शब्द रबआउट करायचा, म्हणजे त्या जागी सगळी भोकं पाडायची, आणि तो शब्द पुन्हा पंच करायचा. टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र अशी टेप सेकंदाला दहा अक्षरं या वेगाने वाचे. २५६ बाइटांना २५६ सेकंद, चार मिनिटांहून जास्त.

१९७३ मध्ये इंटेलेक या डेव्हलपमेंट सिस्टिमसाठी हेक्स फॉरमॅट आला. मी त्याच २५६ बाइटांचा हिशोब मांडला: ओळीत सोळा बाइट धरले, तर कोलनपासून ओळ संपवणाऱ्या दोन खुणांपर्यंत ४५ अक्षरं. अशा सोळा ओळी आणि शेवटची समाप्तीची ओळ, मिळून ७३३ अक्षरं. सव्वा मिनिटाच्या आत काम फत्ते. शिवाय कोलन येईपर्यंतचं सगळं वाचक यंत्र सोडून देई. चेकसमची एक उणीव मात्र खरी: दोन बाइटांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते.

पुढे पत्त्याची चार अक्षरं अपुरी पडली, कारण त्यांत ६४ केबीच मावतात. ८०८६ साठी ०२ प्रकारची ओळ आली, ३२ बिटांसाठी ०४. इंटेलने ६ जानेवारी १९८८ ला काढलेल्या अधिकृत तपशिलात या सगळ्याची नीट मांडणी आहे. इंटेलचे ८०८६ सारखे प्रोसेसर स्वतः पत्त्याचा लहान बाइट आधी ठेवतात. हेक्स ओळीत मात्र मोठा आधी येतो, वाचणाऱ्या माणसाच्या सोयीचा. हे मला फार आवडतं.

या फाइलींवर मनापासून प्रेम केलेला माणूस म्हणजे ऑस्ट्रेलियाचे पीटर मिलर. मेक या साधनाच्या गैरवापरावरचा त्यांचा निबंध प्रोग्रॅमरांमध्ये गाजला, पण माझ्या रोजच्या उपयोगाचं त्यांचं काम म्हणजे एसरेकॉर्ड. २०१४ मध्ये ते गेले. बिन, इंटेल हेक्स, मोटोरोलाच्या एस-ओळी, काहीही द्या, एसरेकॉर्ड प्रत्येक फाइलकडे पत्ते असलेले बाइट म्हणूनच पाहतं. ऑफसेट द्या, पोकळी भरा, तुकडा कापा. वरच्या पत्त्यावरचा डेटा बिनमध्ये उतरवला की सुरुवातीला शून्यांचा डोंगर का उभा राहतो आणि तो कसा टाळायचा, हेही त्यांनी समजावून लिहून ठेवलंय.

गेल्या महिन्यात एका नव्या सहकाऱ्याने एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरसाठी बिनचं हेक्स केलं, पण ऑफसेट द्यायचा राहिला. सगळ्या ओळी ०००० पासून. या चिपची फ्लॅश सुरू होते ०८०००००० वर. मिलर यांच्याच साधनाने ऑफसेट देऊन फाइल पुन्हा काढली, तेव्हा डेटाच्या आधी एक नवी ओळ आली: कोलन, ०२, ००००, ०४, ०८००, एफ२. मी त्याला कागदावर बेरीज करायला लावली. दोन, चार, आठ: चौदा. एफ२ म्हणजे २४२. त्याने खाली २५६ लिहिलं आणि मग केबल जोडली.