फेणेला चेहरा कोणाचा?

आवडत्या पुस्तकावर चित्रपट निघाला कीं घरांत दोन पक्ष पडतात. परभणीजवळच्या पेडगांवीं आमच्या आप्तांचें एकत्र कुटुंब आहे. तेथें तर गेल्या दिवाळींत फराळाच्या वेळीं तीन पक्ष पडलेले आम्हीं पाहिले. वाद होता भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा.

थोरल्या काकू भागवतांच्या पुस्तकांवर वाढलेल्या. त्यांचा बनेश फेणे म्हणजे फुरसुंगीचा, काडीसारखा किडकिडीत, सायकलवरून भरधाव सुटणारा आणि ‘ट्टॉक’ करणारा शाळकरी मुलगा. त्यांच्या धाकट्या दिरांचा फेणे १९८० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवर आलेला, सुमीत राघवन यांच्या चेहऱ्याचा. पुतण्यास ठाऊक असलेला फेणे २०१७ सालच्या चित्रपटांतला, अमेय वाघ यांचा. “काकू, तुम्हीं त्याला कधीं पाहिलेंच नाहीं, मग हा तो नव्हे, हें तुम्हांला कसें कळतें?” असें पुतण्यानें विचारतांच काकू जरा दुखावल्याच. बाळपणीं मनांत रेखलेलें चित्र दुसऱ्या कोणास दाखवितां येत नाहीं. उलट पडद्यावरचा चेहरा एकदां डोळ्यांत भरला म्हणजे तें चित्र पुसट होत जातें. ही त्यांची खरी तक्रार. पुतण्यानें पुस्तक उघडलेंच नव्हतें, ही दुसरी.

दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनीं फेणेला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं पुण्यास आलेला तरुण केला व परीक्षांतील घोटाळ्याच्या मागें लाविलें. जुन्या वाचकांपैकीं पुष्कळांस हें रुचलें नाहीं. आम्हांस मात्र वय वाढविल्याचें फारसें वाईट वाटत नाहीं. फेणेचें बळ त्याच्या वयांत नसून त्यास कोणी हिशेबांत धरीत नाहीं, यांत आहे. असल्या किरकोळ अंगाच्या पोराकडे दुष्ट माणसें दुर्लक्ष करितात आणि तेथेंच फसतात. वेड पांघरून पेडगांवास जाणें ही गुप्तहेराची अर्धी विद्याच होय. (म्हणींतलें पेडगांव श्रीगोंद्याकडचें, असें जाणते सांगतात, आमचे यजमान तें मान्य करीत नाहींत.) पिळदार दंडांचा नायक घेतला असता तर ही विद्या पहिल्याच प्रवेशांत वायां गेली असती. वाघ यांच्या अंगलटीनें ती राखली.

तथापि त्या चित्रपटांतील उत्तम निवड आमच्या मतें दिलीप प्रभावळकर यांची. त्यांस खुद्द भागवतांच्याच नांवाची भूमिका देऊन लेखकाला आपल्या मानसपुत्राचा सोबती केलें आहे. काकूंचा राग शमला तो एवढ्यापुरता.

गुप्तहेरापेक्षां त्याचा सोबती शोधणें अवघड असतें, हें बंगाली रसिक चांगलें जाणतात. सत्यजित राय यांनीं १९७४ च्या ‘सोनार केल्ला’मध्यें आपल्या फेलूदाची भूमिका सौमित्र चटर्जींस दिली, पण जटायूच्या भूमिकेंत संतोष दत्त असे शोभले कीं, पुढें कथांसाठीं चित्रें काढतांना राय जटायूचा चेहरा दत्तांसारखा रेखूं लागले. पडद्यानें पुस्तकांतलें चित्र बदलावें आणि तेंहि लेखकाच्याच हातून! १९८८ सालीं दत्त निवर्तल्यावर फेलूदाचा चित्रपट काढणें राय यांस नकोसें झालें.

यावरून धाकट्या मंडळींनीं नारायण धारपांच्या समर्थांचा विषय काढला. समर्थहि शोधच घेतात. परंतु येथें गुन्हेगार बहुधा मनुष्यकोटींतला नसतो. धारपांची एक कथा २०१८ च्या ‘तुंबाड’मागें आहे, त्याच वर्षीं ‘ग्रहण’ ही दूरचित्रवाणीमालिका झाली. तेव्हां समर्थांस कोण शोभेल, ही चर्चा रंगणारच. कोणी अतुल कुलकर्णी यांचें नांव घेतलें, कोणी सचिन खेडेकर यांचें. पुतण्यास तर अक्राळविक्राळ भुतांची पलटण हवी होती. धारपांची भीति मात्र साध्या घरांतल्या बंद दाराआड बसलेली असते; दार सताड उघडलें कीं ती संपली. म्हणून आम्हीं सुचविलें कीं, आधीं समर्थांचे सोबती आप्पा निवडा. दारापलीकडचें कांहींहि न दाखवितां तें केवळ ज्याच्या मुद्रेवर वाचतां येईल, असा नट सांपडला तर समर्थ कोणीहि व्हावें. काकूंनीं लगेच प्रभावळकरांचें नांव सुचविलें, आणि या एका नांवावर तिन्ही पक्षांचें एकमत झालें.