आतड्याचे विरजण

विष्ठा-प्रत्यारोपण म्हणजे निरोगी माणसाच्या विष्ठेतील जिवाणूंची अख्खी वस्ती रोग्याच्या आतड्यात वसवणे. ऐकताच नाक मुरडावे असा हा उपचार मुख्यतः एका हट्टी संसर्गावर करतात. त्याचा जिवाणू ‘क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल’, डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘सी. डिफ’. प्रयोगशाळेत वाढवायला अवघड, म्हणून १९३५ मध्ये त्याचे नावच ‘डिफिसिल’, म्हणजे ‘अवघड’, पडले.

भलत्याच दुखण्यासाठी घेतलेल्या अँटिबायोटिकने आतड्यातले जुने रहिवासी मारले, की सी. डिफला रान मोकळे होते. एरवी हे रहिवासी पित्ताम्लांचे रूप पालटतात आणि ती पालटलेली आम्ले त्याची वाढ रोखतात. पहारा उठला की सी. डिफचे बीजाणू रुजतात, विष सोडतात आणि पाण्यासारखे जुलाब लागतात. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकने जिवाणू मरतो, बीजाणू उरतात आणि आतडे ओसाडच राहते. म्हणून साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाचा आजार उलटतो. एकदा उलटला की पुन्हा उलटण्याची भीती आणखी वाढते.

ओसाड आतडे दुसऱ्याच्या जिवाणूंनी पुन्हा वसवायचे, यात जनावरांच्या डॉक्टरांना नवल नाही. रवंथ बंद पडलेल्या गाईला धडधाकट गाईच्या कोटीपोटातला द्रव पाजण्याचा उपाय जुना आहे. माणसांच्या बाबतीत १९५८ मध्ये डेन्व्हरचे शल्यचिकित्सक बेन आयझमन यांनी चौघांना विष्ठेचा एनिमा दिला. चौघेही बरे झाले. तरी वैद्यकाला खात्री पटायला २०१३ साल उजाडले. अॅमस्टरडॅमच्या चाचणीत एकाच प्रत्यारोपणाने १६ पैकी १३ रुग्ण बरे झाले, दुसऱ्याने आणखी दोघे. नुसत्या व्हँकोमायसिनने १३ पैकी ४. फरक एवढा ढळढळीत, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

कृती साधी आहे. ताजी विष्ठा सलाइनमध्ये कालवून, गाळून कोलोनोस्कोपने किंवा नाकातून घातलेल्या नळीने आत सोडतात. गोठवून कॅप्सूलमध्येही भरतात. दह्याच्या विरजणात मोजक्या जाती असतात, इथे शेकडो. म्हणून वाटीभर दह्याने हे काम होत नाही.

अवघड असतो तो दाता. त्याची कावीळ, एचआयव्ही, जंत आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू यांसाठी तपासणी करावी लागते. २०१९ मध्ये अमेरिकेत असा जिवाणू दात्याच्या विष्ठेतून गेला आणि एक रुग्ण दगावला. भारतात तर ठणठणीत माणसांच्या पोटातही असे जिवाणू सर्रास आढळतात, त्यामुळे इथे दाता निवडताना चाळणी जास्तच बारीक हवी. शिवाय निरोगी आतडेही सगळीकडे सारखे नसते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांना भारतीय आतड्यांत ‘प्रिव्होटेला’ या जिवाणूचे प्राबल्य दिसले. अमेरिकेत मात्र तपासलेल्या दात्यांच्या विष्ठेपासून केलेली औषधे २०२२ आणि २०२३ मध्ये मंजूर झाली: आधी गुदद्वारातून द्यायचे, मग गिळायची कॅप्सूल.