कुत्र्याच्या पायात प्लेट आणि प्लेटवर जंतू

गाडीखाली येऊन मोडलेलं हाड असो की गुडघ्यातलं तुटलेलं लिगामेंट, कुत्र्याच्या पायाच्या ऑपरेशननंतर बहुधा आत प्लेट, स्क्रू किंवा रॉड राहतो. नंतर संसर्ग झाला तर तो चिवट ठरतो, तो मुख्यतः या धातूमुळे.

पहिले काही दिवस टाक्यांभोवती थोडी सूज असतेच. ती रोज उतरायला हवी. ती वाढली, टाक्यांतून पू आला किंवा पाय टेकू लागलेला कुत्रा पुन्हा पाय उचलून धरू लागला, तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका. नाकाला हात लावून ताप कळत नाही. थर्मामीटर गुदद्वारात लावावा लागतो. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. तापासोबत खाणं सुटलं, धाप लागली, हिरड्या पांढुरक्या किंवा गडद लाल दिसल्या, तर संसर्ग रक्तात पसरला असण्याची शक्यता असते. तेव्हा रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

या संसर्गात अनेकदा सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस. तो निरोगी कुत्र्याच्याही त्वचेवर, नाकात, तोंडात असतो. म्हणून ऑपरेशन कितीही स्वच्छ झालं तरी धोका शून्य होत नाही, आणि जखम चाटणं म्हणजे जंतूला आत वाट करून देणं. धातूवर पोचल्यावर हे जंतू चिकट थर तयार करतात. टाकीच्या भिंतीवरचं शेवाळ पाणी बदलून जात नाही, तसाच हा थर. अँटिबायोटिक आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यात नीट पोचत नाहीत. म्हणूनच गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटतं आणि थांबल्या की पू परत येतो.

अशा वेळी अंदाजाने गोळ्या बदलत बसू नये. डॉक्टरांकडे ‘कल्चर’चा आग्रह धरावा. नमुना जखमेच्या तोंडावरचा नको, खोलवरचा हवा; वरच्या पुवात त्वचेवरचे इतर जंतूही मिसळतात. जंतू वाढवून त्यावर औषधं तपासायला काही दिवस जातात. रिपोर्टमध्ये ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे चालणार नाही. जंतू मेथिसिलिनला दाद देत नसेल, तर नेहमीचं अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलेक्सिनही निरुपयोगी ठरतं. हाडातला संसर्ग एक्स-रेवर दिसायला दहा-पंधरा दिवस लागू शकतात, त्यामुळे सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नये.

मग प्लेट लगेच का काढत नाहीत? कारण हलतं हाड जुळत नाही, आणि संसर्ग असला तरी घट्ट धरलेलं हाड जुळू शकतं. प्लेट पक्की असेल, तर जखम खोलवर धुऊन अँटिबायोटिक अनेक आठवडे चालू ठेवतात. हाड जुळलं की प्लेट काढतात, आणि बहुतेकदा तेव्हाच संसर्ग कायमचा जातो. प्लेट सैल झाली असेल, तर मात्र ती काढून हाड दुसऱ्या पद्धतीने बांधावं लागतं. काहीच उपाय चालला नाही, तर पाय काढण्याचा पर्याय उरतो. माणसाला तो भयंकर वाटतो. बहुतेक कुत्री मात्र तीन पायांवर चांगली चालतात, पळतातही.

घरची कामं साधी, पण चुकवू नयेत अशी. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली कॉलर रात्रीही काढू नये. फिरणं पट्ट्यावर आणि डॉक्टर सांगतील तेवढंच. जखमेवर हळद किंवा घरातलं मलम लावू नये. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल अशा आपल्या गोळ्या मनाने देऊ नयेत. त्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात. ड्रेसिंगनंतर हात साबणाने धुवावेत, कारण हा जंतू क्वचित माणसालाही लागतो.

आणि जखम वरून सुकली म्हणून गोळ्या मध्येच बंद करू नका. कधी थांबायचं, हे डॉक्टरांना तपासणी आणि एक्स-रे पाहून ठरवू द्या.