महाकाय, भूमिकाखेळांतील

महाकाय, भूमिकाखेळांतील : मेजाभोवती बसून खेळावयाच्या अद्‌भुतरम्य भूमिकाखेळांत प्रतिपक्ष म्हणून योजिलेला, मानवी आकृतीचा परंतु प्रचंड देहाचा प्राणी. भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. पात्राने काय करावयाचे ते तो तोंडी सांगतो आणि कृती साधली की फसली, हे फाशांच्या दानावरून ठरते. एक जण सूत्रधार असतो. परिस्थितीचे वर्णन करणे व शत्रूंच्या बाजूने खेळणे ही त्याची कामे होत. या प्राण्यास मराठीत ‘राक्षस’ म्हणणे घोटाळ्याचे ठरते. कारण भारतीय कथांवरून घेतलेला, वाघाच्या तोंडाचा व मायावी असा राक्षस नावाचा निराळाच प्राणी या खेळांत आहे.

पार्श्वभूमी : खेळांतील महाकायांचे मूळ मुख्यतः उत्तर यूरोपातील नॉर्स पुराणकथांत आहे. आइसलँडमध्ये तेराव्या शतकात संकलित झालेल्या एड्डा या ग्रंथांत हिममहाकाय, तसेच अग्निलोकाचा रक्षक सुर्ट यांची वर्णने आढळतात. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या चेनमेल (१९७१) या युद्धखेळाच्या नियमावलीतील अद्‌भुत प्राण्यांच्या पुरवणीत महाकाय होते. गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स (१९७४) या पहिल्या प्रकाशित भूमिकाखेळात त्यांचे गिरी, पाषाण, हिम, अग्नी व मेघ असे पाच प्रकार करण्यात आले. सहावा, वादळी महाकाय, १९७५ च्या पुरवणीत आला. प्रकारांची ही चढती श्रेणी अद्यापि टिकून आहे.

आकारमान व अंक : मॉन्स्टर मॅन्युअल (१९७७) या ग्रंथात गिरी महाकायाची उंची १०·५ फूट (सु. ३·२ मी.), तर वादळी महाकायाची २१ फूट (सु. ६·४ मी.) दिली आहे. सहा फूट उंचीचा मनुष्य त्याच प्रमाणात २१ फुटांचा केला, तर त्याची उंची साडेतीन पट होते. पण हाडांच्या छेदाचे क्षेत्रफळ सु. १२ पट आणि वजन सु. ४३ पट होते. अर्थात हाडांवरील दाबही साडेतीन पट वाढतो. ही अडचण गॅलिलीओने १६३८ मध्ये दाखवून दिली होती. जे. बी. एस. हॉल्डेन यांनीही १९२६ च्या एका प्रसिद्ध निबंधात कथांतील महाकायांचेच उदाहरण घेऊन ती विशद केली. खेळात हा नियम दुर्लक्षिला जातो. तथापि त्यावरून रचनाकाराची खरी अडचण ध्यानात येते. वजनाच्या प्रमाणात तडाखाही वाढविला, तर पहिल्याच घावात पात्र ठार होऊन खेळ संपेल. म्हणून त्या काळच्या नियमांत वादळी महाकायाचा तडाखा ७ ते ४२ अंकांचा, तर मनुष्याच्या लांब तलवारीचा मनुष्याएवढ्या शत्रूवरील घाव १ ते ८ अंकांचा ठेवला आहे. म्हणजे कमाल तडाखा सु. पाच पटच आहे. अवाढव्यतेचा भास टिकवावयाचा आणि प्रतिकाराची संधीही ठेवावयाची, हा समतोल अशा रीतीने अंक आखडूनच साधला जातो.

सामर्थ्याची मोजणी : पाचव्या आवृत्तीच्या २०१४ मधील नियमांत प्रत्येक प्राण्यास आव्हानांक असतो. आव्हानांक ५ असलेला एक प्राणी पाचव्या पातळीच्या चार पात्रांना साजेसा मानला जातो. गिरी महाकायाचा जीवनांक, म्हणजे इजा सोसण्याची शक्ती, १०५ आणि संरक्षणांक १३ आहे. या दोहोंवरून त्याचे बचावसामर्थ्य ३ ठरते. एका फेरीत तो सोट्याचे दोन तडाखे देतो. दोन्ही लागल्यास सरासरी ३६ अंकांची इजा होते. तेवढ्यावरून आक्रमणसामर्थ्य ५ येते. परंतु नेम साधण्यासाठी फाशाच्या दानात मिळविला जाणारा अंक अपेक्षित ६ ऐवजी ८ असल्याने ते ६ होते. दोहोंची सरासरी ४·५, म्हणजेच पूर्णांकात ५. बचावाने दुबळा व आघाताने जबर असा हा प्राणी आहे. मंद व दांडग्या शत्रूचे चित्र अंकांतूनच उभे राहते.

रचनेतील दोष व उपाय : एका महाकायासमोर चार पात्रे असली, तर एका फेरीत त्याची एक पाळी येते आणि त्यांच्या चार. ही उणीव केवळ जीवनांक वाढवून भरून काढल्यास लढाई लांबते व कंटाळवाणी होते. म्हणून आकाराचा परिणाम अवकाशात दाखविणे अधिक उपयुक्त ठरते. २०१४ च्या नियमांत मनुष्य पाच फुटी चौरस व्यापतो, तर महाकाय पंधरा फुटी, म्हणजे नऊपट जागा अडवितो. त्याचा सोटा दहा फुटांपर्यंत पोचतो व त्याने फेकलेला धोंडा २४० फुटांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे उघड्या मैदानात महाकाय दुरूनच भारी पडतो. अरुंद भुयारात मात्र पात्रांना आडोसा मिळतो. गायगॅक्स यांच्या १९७८ च्या तीन साहसकथांत गिरी, हिम व अग्नी महाकायांच्या निवासस्थानांवर चाल करावयाची असते. पहिलीत लाकडी प्रासाद, दुसरीत हिमदरी आणि तिसरीत भूगर्भातील दालने अशी प्रत्येक प्रकारास अनुरूप भूमी योजिली असून, त्यांच्या दिमतीला इतर प्राणीही दिलेले आहेत.

शत्रू की व्यक्ती : महाकायांना भाषा, सरदार, मेजवान्या व मुलेबाळे असतात. याच मालिकेतील पहिल्या प्रासादात महाकायांच्या मुलांसाठी स्वतंत्र दालन आहे. तेथे पोचलेल्या पात्रांनी काय करावे, हा निर्णय फाशांवर सोपविता येत नाही. ज्याला बोलता येते त्याच्याशी तह होऊ शकतो, त्याला फसविता येते आणि त्याची कीवही येऊ शकते. २०१४ च्या नियमांत गिरी महाकायाचा बुद्ध्यंक ५, तर वादळी महाकायाचा १६ आहे. सर्वसाधारण मनुष्याचा तो १० धरला जात असल्याने, वादळी महाकाय समोरच्या माणसाहून शहाणा ठरतो. त्याच्याशी युद्ध अटळ आहे असे गृहीत धरणारी रचना स्वतःच्याच अंकांशी विसंगत होते. २०१६ च्या एका साहसकथेत महाकायांची पारंपरिक उच्चनीच श्रेणी मोडल्याने सर्व प्रकारांत चढाओढ लागते आणि पात्रांना वादळी महाकायांच्या दरबाराशी संबंध जोडावा लागतो. त्याच नियमांवर आधारलेला व केवळ महाकायांनाच वाहिलेला एक ग्रंथ २०२३ मध्ये निघाला. त्यात त्यांचे देव, समाज व वस्तीस्थाने यांना युद्धाइतकेच स्थान आहे. जीवनांक व तडाखा यांवरून महाकाय किती प्रबळ हे कळते. परंतु त्याला काय हवे आहे हे ठरविल्यावाचून त्याच्याशी लढावयाचे की बोलावयाचे, ही निवड खेळाडूंपुढे उभीच राहत नाही.